आईझाडाचा दाखला

४ फेब्रुवारी

ढब्बूशेठ,

पार्सल मिळालं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काड्या, वर सुतळी आणि सुतळीला लटकवलेली चिठ्ठी: "बुटकीच्या आईझाडाचे नमुने. रोगमुक्त असल्याचा दाखला लवकर पाठवावा." खाली तुझी सही आणि नर्सरीचा शिक्का. इतक्या वर्षांनी भावाने सख्ख्या बहिणीला लिहिलेला हा पहिला मजकूर. 'पाठवावा' हा शुद्ध कर्मणी प्रयोग तुला कसा साधला याचं मला आश्चर्य वाटलं. शाळेत त्यावरून तू मास्तरांना रडवलं होतंस.

सप्रेम वगैरे काही लिहीत नाही. फोनही करणार नाही. तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर मला तुझा आवाज ऐकावा लागेल. म्हणून कागद.

दाखला कशाला हवाय ते तुझ्या बायकोकडून कळलं. एक मोठी रोपकंपनी बुटकीचे हक्क घेणार, त्यासाठी बुटकीची नवं वाण म्हणून नोंद व्हायला हवी, आणि नोंद व्हायला आईझाड निरोगी असल्याचा आमच्या प्रयोगशाळेचा कागद हवा. नर्सरीच्या पाट्यांवर आता फळांपेक्षा तुझा फोटो मोठा आहे असंही ती म्हणाली. ती कौतुकानं सांगत होती, मी तसंच ऐकून घेतलं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण माहीत असलेल्या गोष्टी चुकीच्या माहीत करून घेण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. बाबांना ते झाड संत्र्यांच्या वाफ्यात सापडलं. बाकीची झाडं घराच्या छपराला पोचली, हे छातीएवढं होऊन थांबलं आणि फळांनी लगडलं. बाबांनी त्याच्या फांद्यांवरचे डोळे काढले, दुसऱ्या रोपांच्या, म्हणजे खुंटांच्या, सालीत भरले, तर ती झाडंही छातीएवढीच झाली. मग हे झालं आईझाड, आणि त्याची सगळी पिल्लावळ बुटकी. शिडी न लावता संत्री तोडता येतात म्हणून लोक लांबून यायला लागले. बाबांनी यात जे केलं ते एवढंच: त्यांना झाड सापडलं आणि त्यांनी ते जपलं.

बाबा गेल्यावर तू पाटी लावलीस, 'बुटकी: आमच्या बाबांचं संशोधन'. मी हसले. गिऱ्हाइकांसमोर हसले, आणि आजही ती पाटी आठवली की हसते. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं की ठेंगणेपणा डोळ्यातून उतरतो तसे रोगही डोळ्यातूनच उतरतात, आधी झाड तपासून घे. तू म्हणालास, ही जळते. मग तू म्हणालास, पुन्हा इथे येऊ नकोस. मी आले नाही. तुझा शब्द पाळणारी घरात मी एकटीच निघाले.

नमुने तपासते. काड्या कापताना चाकू कशानं पुसला होता तेवढं कळव.

ताई


२१ फेब्रुवारी

श्रीमान संशोधकपुत्र,

तुझं उत्तर मिळालं. चाकू तू प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसतोस, वर मेणबत्तीच्या ज्योतीतून फिरवतोस, 'अगदी सर्जनसारखा'. वाचून आमच्या तंत्रज्ञ मुलीला ठसका लागला. तिला पाणी द्यावं लागलं.

निकाल असा आहे: आईझाडाला रोग आहे. बुटकी हे वाण नाही, बुटकी हे दुखणं आहे. तुझ्या पाटीवर बाबांचं संशोधन म्हणून जे लिहिलंय त्याचं नाव व्हायरॉइड.

व्हायरॉइड म्हणजे व्हायरस नव्हे. व्हायरसला निदान अंगावर प्रथिनाचा अंगरखा असतो, घरून थोडी शिदोरी आणलेली असते. हा नागडा येतो. आरएनएचा एक धागा, दोन्ही टोकं एकमेकांना जोडून झालेलं कडं, पुरती चारशेसुद्धा अक्षरं नाहीत त्याच्यात. तुझ्या नर्सरीच्या जाहिरातीत यापेक्षा जास्त असतात. आणि त्या अक्षरांत एकाही प्रथिनाची कृती लिहिलेली नाही. काही बनवायचं म्हणून याला ठाऊकच नाही.

ते कडं गोल पसरून बसत नाही. त्यातली अक्षरं समोरच्या अक्षरांशी जोड्या लावतात आणि सगळं मिटून एक काडी होते. स्वतःशीच जोड्या जमवून ताठ बसलेलं, त्यामुळे झाडातल्या चावऱ्या रसायनांना त्याला चावायला सुटं टोकच सापडत नाही. असं ते पेशीच्या गाभ्यात जाऊन बसतं. तिथे झाडाची स्वतःची नकला उतरवणारी यंत्रणा असते, ती खरं तर डीएनए वाचायला ठेवलेली. हे महाशय तिच्यापुढे जाऊन आडवे होतात आणि ती बिचारी यांच्याच नकला काढत सुटते, कड्याभोवती गोल गोल फिरत, लांबच लांब माळ. मग झाडाच्याच हत्यारांनी त्या माळेचे तुकडे, झाडाच्याच डिंकानं पुन्हा कडी. मग दारादारातून शेजारच्या पेशीत आणि रसाच्या नळीतून सगळ्या झाडभर.

थोडक्यात सांगायचं तर घरात काही आणायचं नाही, काही रांधायचं नाही, ताठ बसून राहायचं आणि घरच्या माणसांकडून आपल्याच तसबिरी काढून घ्यायच्या. मला हे समजवायला पुस्तक उघडावं लागलं नाही, आपल्या घरी मी हे लहानपणापासून बघितलंय.

स्पिरिटनं त्याला काही होत नाही. स्पिरिट अंगरखा फाडतं, याला अंगरखाच नाही. तुझ्या मेणबत्तीनं पात्याला काजळी तेवढी लागते. कपड्यांचे डाग घालवायचं साधं ब्लीच पाण्यात घालून त्यात चाकू बुडवला असतास तर काम झालं असतं. ते तुझ्या न्हाणीघरात असेल. सर्जनसाहेबांनी तेवढं सोडून सगळं केलं.

ताई


१४ मार्च

माननीय,

माझं यंत्र बिघडलंय असं तू लिहितोस. यंत्र बिघडलेलं नाही. तुझे नमुने आम्ही जेलवर चालवले. जेल म्हणजे खिरीसारखा थिजलेला थर, त्यातून वीज सोडली की आरएनएचे धागे पळायला लागतात. सरळ धागे पुढे निघून जातात, गोल असलेला मागे रेंगाळतो. तुझ्या नमुन्यात तो रेंगाळलेला पट्टा इतका ठळक आला की तंत्रज्ञ मुलीनं चष्मा न लावता दाखवला.

तरी तुझ्या समाधानासाठी आणखी एक करते. तू हट्टानं पाठवलेल्या दुसऱ्या पार्सलातले आईझाडाचे डोळे महाळुंगाच्या रोपावर भरलेत. महाळुंग या रोगाला फार हळवं. रोग असला तर त्याची पानं खाली मुरडतात. त्याला यंत्र लागत नाही, डोळे लागतात. तुला फांदीवरचे डोळेच कळतात हे खरं, पण बघून घे.

दुसरं. तुझ्या कंपनीचे साहेब आमच्या संचालकांना भेटून गेले. सुवासिक माणूस. खोलीतून गेल्यावरही बराच वेळ गेला नव्हता. संचालकांनी मला बोलावून विचारलं, झाड दिसायला ठणठणीत आहे, फळ भरपूर आहे, मग आपण किती ताणायचं. मी त्यांना विचारलं, तुम्ही सही करता का. त्यांना एकदम दुसरी मीटिंग आठवली.

आणि तिसरं, हे तू लिहिलं नाहीस, तुझ्या बायकोनं सांगितलं. बाबांचा जुना खुंट सोडून गेली काही वर्षं तू बुटकीचे डोळे तीनपानी खुंटावर भरतोयस, कारण तो लवकर वाढतो. बाबांच्या खुंटावर हा रोग झाडाला नुसतं ठेंगणं ठेवतो, बाकी काही करत नाही, हे त्यांचं नशीब. तीनपानी खुंटावर तोच रोग बुंध्याची साल फोडतो. आधी बारीक भेगा, मग खपल्या, मग झाड वाळतं. तुझ्याकडून रोपं नेलेल्या दोघांनी साल सुटल्याची तक्रार केली आणि तू त्यांना पाणी जास्त झालं म्हणून सांगितलंस. तू नर्सरीवाला आहेस की पोपटवाला ज्योतिषी?

नियम तुला ठाऊक आहे. आईझाड रोगी निघालं तर मुळासकट काढायचं आणि जाळायचं, आणि ज्यांनी ज्यांनी रोपं नेली त्यांना कळवायचं. माझा अहवाल गेला की निरीक्षक येईल. 'निरोगी लिहून टाक, कोण बघायला येतंय' असं तू लिहिलंस. मी बघायला आलेय. माझं कामच ते आहे. माझ्या सहीवर लोक बागा लावतात. ती सही मी तुझ्या फोटोसाठी खोटी करणार नाही, कुणाच्याच फोटोसाठी करणार नाही.

ताई


८ एप्रिल

ढब्बू,

शेवटी आईला पुढे केलंस. मी वाटच बघत होते.

तू लिहितोस, रोज सकाळी ती त्या झाडासमोर खुर्ची टाकून बसते. डॉक्टर म्हणतात हृदय फार थकलंय, तिच्या हातात थोडेच महिने आहेत. ते झाड म्हणजे तिच्यासाठी बाबाच आहेत. तिच्या डोळ्यांदेखत ते जाळलं तर ती त्याच दिवशी जाईल आणि ते पाप माझ्या माथी. इतकं सुबक पत्र तू आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंस, त्यावरून ते कंपनीच्या साहेबांनी सांगितलं असावं. कर्मणी प्रयोगही त्यांचाच असणार.

लाज नाही वाटत? लहानपणी काच फोडलीस की आईच्या पदराआड जायचास. आता मिशा पिकल्या, अजून तिथेच उभा आहेस.

ती गोळ्या वेळेवर घेते का? पाणी कमी प्यायला सांगितलं असेल तर तिला कपानं मोजून देत जा, तांब्या समोर ठेवू नकोस, ती पिते. पायांवर सूज आहे का ते संध्याकाळी बघायचं, सकाळी नाही. हे तुझ्या बायकोला वाचून दाखव, तू विसरशील.

अहवाल अजून गेलेला नाही. वरिष्ठांची सही व्हायची आहे. याचा अर्थ दाखला मिळेल असा काढू नकोस.

ताई


३० मे

चि. बंधू,

तुझ्या बायकोनं विचारलं म्हणे की अहवालावर शेवटची सही ताईचीच ना, मग तिला वरिष्ठ कोण? तिला म्हणावं, इतकं लक्ष देऊन वाचू नये, डोळे बिघडतात.

महाळुंगाची पानं मुरडली. फोटो जोडलाय. देठ वाकलेत, पानं मुठी मिटल्यासारखी खाली वळलीत. आता कुठलं यंत्र बिघडलं ते सांग.

तू विचारलंस, जो काही बनवतच नाही तो नुकसान कसं करतो. तुझ्या डोक्यातून आलेला हा पहिला बरा प्रश्न, म्हणून नीट उत्तर देते. तो करत नाही. झाड करतं. आत शिरलेलं परकं आरएनए दिसलं की झाडाची पहारेकरी कात्री त्याचे बारीक तुकडे करते आणि ते तुकडे नमुना म्हणून हातात ठेवते: असं दिसणारं जे सापडेल ते कापा. आता त्यातले काही तुकडे योगायोगानं झाडाच्या स्वतःच्या निरोपांसारखे दिसतात. वाढा म्हणून सांगणारे निरोप, साल धरून ठेवा म्हणून सांगणारे निरोप. कात्री तेही कापते. पाहुणा काडीसारखा ताठ बसलेला असतो, त्याचं फारसं बिघडत नाही, आणि झाड आपल्याच कात्रीनं खुजं होत जातं. सगळंच असं घडतं असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, पण बरंचसं असं घडतं.

हे मी तुला फोनवर आईच्या तब्येतीची चौकशी करताना सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "म्हणजे घर कापलं ते घरच्याच कात्रीनं." मला टोमणे कळतात. तुझ्यापेक्षा जास्त कळतात, मी ते तयार करते. फोन मी तुझ्या बायकोच्या नंबरवर केला होता, तू मध्ये का घेतलास?

आता एक गोष्ट सांगते, ती उपकार म्हणून समजू नकोस. फांदीच्या अगदी शेंड्याला, कोवळ्या पानांच्या आत, सुईच्या टोकाएवढा एक भाग असतो. तिथवर रसाची नळी पोचलेली नसते, म्हणून व्हायरॉइडही बहुतेक वेळा पोचत नाही. तुझ्या दुसऱ्या पार्सलातल्या काड्या ओल्या राहिल्या होत्या. मी त्यांना काचेच्या नळीत पालवी फुटू दिली, सूक्ष्मदर्शकाखाली तसले शेंडे कापले आणि बोटभर रोपांवर बसवले. चाकू ब्लीचमध्ये बुडवून. बरेच मेले. एक जगलंय.

तेही आईझाडच आहे, फक्त दुखणं वजा. पण नीट ऐक: ते ठेंगणं राहणार नाही. साधं संत्र्याचं झाड होईल, छपराला पोचेल, शिडी लागेल. बुटकी संपली. रोग ठेवला तर नाव राहतं, रोग काढला तर नावही जातं. तुझ्या कंपनीला ते नको असणार, तुलाही नको असणार. मी ते का केलं विचारू नकोस. नळी रिकामी होती.

ताई


२ सप्टेंबर

ढब्बू,

नळीतल्या झाडाची पहिली चाचणी कोरी आली. कुंडीत लावलंय, वीतभर झालंय.

अहवालावर काल मी सही केली. वरिष्ठ कुणी नव्हतं, तुझ्या बायकोचं बरोबर होतं. मी इतके महिने तो खणात ठेवला आणि रोज कामाला येऊन त्या खणाच्या वरच जेवले. त्या काळात तू बुटकीची रोपं विकणं थांबवलं नाहीस. परवा तिसऱ्या माणसाची तक्रार थेट आमच्याकडे आली, सालीच्या खपल्या डब्यात भरून. त्याची सगळी बाग तीनपानी खुंटावर आहे. आईचं मन जपायचं म्हणून त्याची झाडं मारत बसायचं, हा तुझा हिशेब मला शिकता आला नाही. प्रयत्न केला.

सोमवारी निरीक्षक येईल. नियमाप्रमाणे नमुना तपासणाऱ्याला बरोबर असावं लागतं, तेव्हा मीही येईन. तुला बघायला येत नाहीये. कंपनीचे साहेब तुझे फोन घेत नाहीत असं कळलं. अहवाल जायच्या आतच त्यांना कुणीतरी कळवलेलं दिसतं. त्यांचा वास गेला का बघ.

'आईला तू सांग, माझ्याच्यानं होणार नाही' असं तू लिहिलंस. हे मात्र तुझ्या अक्षरात होतं आणि तुझ्या भाषेत होतं. ठीक आहे. सांगेन. घरातली अवघड कामं माझ्याकडे येतात ही नवी गोष्ट नाही.

ताई


१३ सप्टेंबर

ढब्बू,

सोमवारी आपण एकमेकांशी बोललो नाही. निरीक्षकासमोर बरं दिसलं नसतं. म्हणून आता लिहिते. तू तिथेच होतास, तरी लिहिते, कारण मी काय ऐकलं ते मला एकदा कागदावर बघायचंय.

निरीक्षक झाडाला लाल फीत बांधत होता. दहा वाजलेले, ऊन चढलेलं, आणि आई खुर्चीत डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेली. इतकी बारीक झालीय हे तू मला कळवायला हवं होतंस. सूज कळवलीस, हे नाही. मी शेजारी उकिडवी बसले. मी पाठ करून आले होते. झाडाला जुनं दुखणं आहे, बाबांच्या वेळेपासूनचं, त्यात कुणाचा दोष नाही, ठेवलं तर दुसऱ्यांच्या बागा जातील. तू मागे नळाजवळ उभा होतास, हात पुसत. ओले नसलेले हात.

तिने आधी विचारलं, "ह्यांना ठाऊक होतं?"

मी म्हटलं, नाही. त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. तिने त्या फितीकडे बघितलं. मग म्हणाली, "काढून टाका. मला कधी आवडलंच नाही ते."

तुझं तोंड उघडं राहिलं. माझंही राहिलं असणार, पण माझं मला दिसत नव्हतं.

"सावली आहे का त्याला?" ती म्हणाली. "झाड म्हणतात आणि खाली मांजर बसेल एवढी सावली. ह्यांनी खुर्ची मांडून दिली, म्हणाले, बस, बघ कसं लगडलंय. बसले. ते गेल्यावर ह्यानं मांडली, बाबांची आठवण म्हणून. मग ह्याचं मन कशाला मोडा. रोज उन्हात भाजून निघते."

तू म्हणालास की एकदा तरी बोलायचंस. ती म्हणाली, "तुम्ही दोघं त्या झाडापायी बोलेनासे झालात. त्यात मी कुठे म्हणू की मला ऊन लागतं?"

इतकी वर्षं मी तुला मूर्ख म्हणत आले, ते काही चुकलं नाही. तू अर्धं आयुष्य तिला उन्हात बसवून तिचं मन जपलंस. पण मी पाच महिने अहवाल खणात ठेवला तो याच झाडासाठी, आणि त्या बाईला एकदाही विचारलं नाही की आई, तुला हे झाड हवंय का. तुझ्यासाठी राखून ठेवलेले सगळे शब्द माझ्याकडे शिल्लक आहेत, त्यातले काही आता मलाच वापरावे लागतील. हे वाचून खूश होऊ नकोस.

मग मी गाडीतून कुंडी आणली. का आणली होती ते मलाही ठाऊक नाही, नियमात ते बसत नाही. तिने पानाला बोट लावून बघितलं.

"हे मोठं होईल?"

होईल, मी म्हटलं. छपराला लागेल.

"सावली पडेल?"

पडेल.

"किती वर्षांत?"

मला उत्तर ठाऊक होतं. वीतभर रोप, माणूस खाली बसेल एवढी सावली पडायला सात वर्षं, जमीन चांगली असली तर सहा. मी आजवर एका अक्षराचा खोटा कागद कुणाला दिलेला नाही. संचालकांना दिला नाही, तुला दिला नाही. त्याच सकाळी आईला तपासून निघताना डॉक्टरांनी फाटकाजवळ आपल्या दोघांना काय सांगितलं होतं तेही मला ठाऊक होतं, ही थंडी काढली तर खूप.

"दोन," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिचा माझ्यावर झाडांच्या बाबतीत विश्वास नाही, मी फक्त त्यांचे आजार ओळखते. तिने तुझ्याकडे मान वळवली. "काय रे? दोन वर्षांत येते सावली?"

मी तुझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, आता हा बरोबर उत्तर देणार. आयुष्यात एकदाच, नको तेव्हा, ह्याला बरोबर उत्तर येणार.

तू पुढे आलास, कुंडी माझ्या हातातून घेतलीस आणि म्हणालास, "ताईनं तपासलंय. दोन वर्षांत."

तिने टॉवेल डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला. म्हणाली, दोन तर काढता येतील.

तेव्हा आता कामाचं. रोप जुन्या खड्ड्यात लावू नकोस, तिथली मुळं सगळी निघालेली नसतात. खुर्चीच्या पश्चिमेला लाव, म्हणजे दुपारची सावली तिच्यावर येईल. मी हे हसायला लिहीत नाहीये. ती रोज विचारेल कुठली सावली कुठे पडणार, तुला नीट सांगता आलं पाहिजे. आळं मोठं कर. ज्यांनी रोपं नेलीत त्यांची नावं काढ, रविवारी मी येते, दोघं मिळून एकेकाला फोन करू. शिव्या खायला तू नवीन आहेस, मी सवयीची आहे.

आणि उद्याच चार बांबू रोव आणि तिच्या खुर्चीवर ताडपत्री ताण. घट्ट ताण, वाऱ्यानं फडफडली तर तिला झोप लागत नाही. विचारलं तर सांग, झाड मोठं होईपर्यंत.

ताई